सात नांग्या

रविवारी दुपारी सगळे जमले होते ते अभिनंदनाला, आणि जेवून हात धुऊन होईपर्यंत एकमेकांची तोंडं बघायला तयार नव्हते. या घराचं हे असंच. भांडायला यांना मुहूर्त लागत नाही, सवड लागत नाही. सगळे एका टेबलाशी बसले की झालं.

टेबलावर एकच कागद होता. सुनेने तो पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली.

"हे काय?" सरांनी विचारलं. कृषी विद्यापीठात तीस वर्षं त्यांना सगळे सर म्हणत. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी दूधवाला अजून सरच म्हणतो. घरात ते मुलांचे बाबा आणि बहिणीचे दादा, पण दरारा सरांचाच.

"एकशे बाराचा रिपोर्ट, बाबा. उद्याच्या फाईलला जोडायचा तो."

"मग जोड की. मला कशाला दाखवतेस?"

"जोडता येत नाही."

एकशे बारा म्हणजे डाळिंबाचं झाड. घरामागच्या कुंपणापलीकडे, विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, म्हणजे प्रयोगाच्या शेतात, सहाव्या ओळीत उभं. सत्तावीस वर्षांपूर्वी सरांनी मऊ दाण्याच्या एका गोड झाडाच्या फुलावर जाड सालीच्या आंबट जंगली झाडाचा पराग घातला. त्या फळांच्या बिया रुजवल्या, दोनशे तीन रोपं झाली, त्यातलं हे एक. ऐन पिकायच्या वेळी फळ तडकतं म्हणून डाळिंब लावणारे सगळीकडे कपाळाला हात लावून बसतात. एकशे बाराचं फळ तडकत नाही. उद्या सकाळी अकरा वाजता समितीपुढे ते नवा वाण म्हणून जाहीर व्हायचं होतं. पैदासकार म्हणून नाव सरांचं, आणि 'वरील माहिती सत्य आहे' या प्रतिज्ञापत्रावर सही थोरलीची. थोरली म्हणजे सरांची मुलगी, त्याच विभागात आता प्राध्यापक. बारा वर्षं चाचण्या तिने घेतल्या, आणि तिची डॉक्टरेटसुद्धा याच झाडावरची.

"जोडता येत नाही म्हणजे?" थोरलीने चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला.

सून विद्यापीठाच्याच डीएनए प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. वाणाबरोबर त्याच्या आईबापांची डीएनए ओळख जोडायची, हा नियम गेल्या वर्षी आला. नाहीतर कोण कशाला तपासायला जातंय?

"ताई, प्रत्येक रोपाला निम्मं आईकडून येतं, निम्मं बापाकडून. मी डीएनएत वीस ठिकाणी तपासलं. एकशे बारामध्ये जंगली झाडाचं काहीही नाही."

"मधमाशी," सर लगेच म्हणाले. आवाजात काळजी नव्हतीच. "फुलावरची पिशवी फाटली असेल, दुसरा पराग आला असेल. होतं असं. बाप बदलला, एवढंच. तसं लिहू."

"मलाही आधी तेच वाटलं. पण बाबा, आईसुद्धा नाही. गोड झाडाचंही त्यात काही नाही." सुनेने कागद पुढे सरकवला. "ती बी त्या फळातली नाहीच."

स्वयंपाकघराच्या दाराशी आत्या मटार सोलत बसली होती. तिचे हात थांबले. पण त्या वेळी तिच्याकडे बघत होतं कोण?

"नमुना चुकला असेल," थोरली म्हणाली. "लॅबमध्ये दिवसाला दोनशे पानं येतात. अदलाबदल झाली असणार."

"पानं मी स्वतः तोडली, ताई. तीन वेळा. तिसऱ्यांदा तर मुळाशी फुटलेल्या फुटव्याचीही घेतली."

"मग मशीन!" सरांनी टेबलावर थाप मारली, चमचे नाचले. "तुमच्या त्या मशीनला डाळिंब आणि दोडका यातला फरक तरी कळतो का? मी चिमट्याने एकेका कळीतले केसर काढलेत. एकेका! चारशे कळ्या! डोळ्यांची वाट लागली माझ्या. आणि तू मला सांगतेस आई वेगळी?"

"मी सांगत नाही, बाबा. कागद सांगतो."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते काही खोटं नाही!"

सुनेचे कान तापले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. धाकटा ताटातल्या उरलेल्या भाताची शितं बोटाने एका बाजूला करत होता. तिने त्याला हे गुरुवारीच सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, "सोमवार जाऊ दे, मग बघू." सोमवार गेल्यावर काय बघायचं होतं, हे तिने तेव्हाच विचारायला हवं होतं. अठरा वर्षांच्या संसारात या माणसाने बापासमोर तिची बाजू घेतल्याचं तिला आठवत नव्हतं, तरी आज घेईल अशी वेडी आशा होतीच.

"मी बोलू का?" धाकटा अखेर म्हणाला.

"बोल ना. कोणी तोंड बांधलंय?" थोरली म्हणाली.

"माझ्या नर्सरीत वीस हजार रोपं उभी आहेत. सगळी एकशे बाराच्या फांद्यांची. त्यांचं फळ तडकणार आहे का? नाही. लोकांना फळ हवंय, वंशावळ नकोय. मग आई कोणी का असेना! झाकली मूठ सव्वा लाखाची. हा कागद बाजूला ठेवा, जुन्या चाचण्यांचे कागद लावा, समितीतले दोघं तर बाबांचेच विद्यार्थी. कोण विचारतंय?"

"आणि उद्या दुसऱ्या लॅबने तपासलं तर?" सून त्याच्याकडे वळली. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

"कोण तपासणार? तूच हौसेने तपासत बसलीस. हात दाखवून अवलक्षण."

"हौसेने? माझी नोकरी आहे ती!"

"हळू बोला," थोरली म्हणाली. सून बरोबर आहे हे तिला वीस ठिकाणं ऐकली तेव्हाच कळलं होतं; वीसपैकी वीस ठिकाणी मशीन चुकत नाही. पण कळणं वेगळं आणि उद्या अकरा वाजता पंचवीस माणसांसमोर उभं राहणं वेगळं. तिच्या प्रबंधाचं पहिलंच वाक्य होतं की न तडकण्याचा गुण जंगली झाडाकडून येतो. ते वाक्यच खोटं असेल तर मागची तीनशे पानं काय, बंबात घालायची? "भाऊ म्हणतो ते अगदीच चूक नाही," ती म्हणाली. "निदान उद्यापुरतं. फाईल एकदा मागे घेतली तर पुन्हा पाच-सहा वर्षं. बाबांचं वय बघ."

"माझ्या वयाचं तू बघू नकोस," सर म्हणाले. पण मुलगी आपल्या बाजूला आली हे त्यांना बरं वाटलं होतं. सून एकटी पडली.

आता प्रश्न उरला होता तो कोणामुळे झालं याचा. या घरात चूक मान्य करायच्या आधी धनी शोधायची पद्धत. सर उठले, येरझाऱ्या घालू लागले आणि एकदम थांबले.

"माळी!"

"कोण माळी?"

"रोपं पिशव्यांत होती ना, त्या उन्हाळ्यात मी दीड महिना परदेशी होतो. प्रशिक्षणाला. रोपवाटिकेवर तो माळी होता. प्यायचा. त्यानेच पिशव्या पाडल्या असणार आणि भलतंसलतं भरून ठेवलं असणार. आल्यावर मी त्याला काढला तो उगाच नाही!"

"हो, मला आठवतोय," धाकटा म्हणाला. "लाल डोळ्यांचा."

"शक्य आहे," थोरली म्हणाली.

माळी मरून नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे तो सगळ्यांना एकदम सोयीचा वाटला. सुनेलासुद्धा क्षणभर वाटलं, बरं झालं, सुटलो. तिघंही माळ्याबद्दल भराभर बोलू लागले: कसा उशिरा यायचा, कशी झारी फोडली, कसा एकदा खताच्या पोत्यावर झोपलेला सापडला. पाच मिनिटांत इतका एकोपा या टेबलावर वर्षभरात झाला नव्हता.

"मेलेल्या माणसाला कशाला ओढता?"

आत्या दारात उभी होती. मटाराच्या शेंगांची परात तिने खाली ठेवली होती. सत्तर वर्षांची, सरांहून सहा वर्षांनी लहान, अंगाने काडी. तिशीत नवऱ्याचं घर सोडून आली ती भावाकडेच राहिली, आणि भावाने तिला प्रक्षेत्रावर रोजंदारीवर लावलं. फुलांना पिशव्या बांधणं, रोपांना पाणी, खुरपणी. डाळिंबाची गुटी, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं कलम, तिच्यासारखी कोणाची लागत नाही, असं सर स्वतः म्हणायचे, तिच्या पाठीमागे.

"तुझा काय संबंध? जा, चहा टाक," सर म्हणाले.

"चहा टाकते. आधी ऐक. माळ्याने काही केलं नाही. मी केलं."

धाकट्याने हसायचा प्रयत्न केला. "आत्या, तू काय केलंस? तू तर पाणी घालायचीस."

"पाणी घालायचे. एके सकाळी गेले तर उंदरांनी रोपं कुरतडलेली. सात. बुडाशी कापून टाकलेली, एकसारखी. माळी त्या आठवड्यात रजेवर होता, त्याची बायको बाळंत व्हायची होती. मीच होते." तिने कपाळ पुसलं. "मग मी नांग्या भरल्या."

"काय भरलं?" सुनेने विचारलं. ती शहरात वाढलेली.

"नांग्या गं. शेतात ओळीतलं एखादं रोप मेलं की तिथे दुसरं लावतो ना आपण? रिकामी जागा ठेवत नाही. ओळ कशी भरलेली हवी. माझ्या आईने मला चालायला यायच्या आधी नांग्या भरायला शिकवलं असेल. इथे आपल्या मागच्या मोरीच्या पाटावर डाळिंबाची रोपं उगवलेली होती, स्वयंपाकघरातून दाणे जायचे त्यांची. तेवढ्याच उंचीची. सात चांगली बघून काढली आणि त्या पिशव्यांत लावली."

थोरलीने डोळे मिटले. सर मात्र बहिणीकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा कसा होत चालला होता ते बघून धाकटा अर्धवट उठला.

"बाबा, बसा. बीपी—"

"मोरीतलं रोप," सर म्हणाले. "मोरीतलं."

"दादा—"

"ते शेत नव्हतं, चिंगे! प्रयोग होता तो! मेलेलं रोप मेलं म्हणूनच लिहायचं असतं! रिकामी पिशवी रिकामीच ठेवायची असते! एवढी साधी गोष्ट... वहीच्या पहिल्या पानावर लिहिली होती मी!"

"वही कपाटात. आणि कपाटाची किल्ली तुझ्याबरोबर विमानात."

"तोंड वर करून बोलतेस? माझं आयुष्य मातीत घातलंस तू! सत्तावीस वर्षं! सत्तावीस वर्षं मी मोरीतल्या झाडाची आरती करतोय आणि तू रोज मला जेवायला वाढतेस, आणि तोंडातून अक्षर नाही!"

आत्याने दाराची चौकट धरली. इतकी वर्षं या ओरडण्याची तिला भीती वाटली होती आणि आता ते आलं तर तिला वाटलं, एवढंच? जाताना तो रोपवाटिकेत उभा राहून सगळ्या बायकांसमोर काय बोलला होता, ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं. ते तिने आता म्हणून दाखवलं.

"'एक जरी रोप मेलं, तर प्रक्षेत्रावर पाऊल ठेवायचं नाही. बहीण असलीस तरी.' असं बोलला होतास. सगळ्यांसमोर. मला दुसरं काम कोण देणार होतं? नवऱ्याचं घर सुटलेलं, पदरी काही नाही. तू आल्यावर सांगणार होते. तू आलास आणि तिसऱ्या दिवशी माळ्याला काढलंस, झारी फुटली म्हणून. झारीसाठी! मग मी काय सांगू? सात रोपांसाठी तू माझं काय केलं असतंस?"

सर वळले आणि आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला.

"कशाला बोललीस, आत्या?" धाकटा कुजबुजला. "माळ्यावर छान गेलं होतं."

"चूप बस," सून म्हणाली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला असं बोलली, आणि तो खरंच चूप बसला. तिने खुर्ची ओढून आत्याला बसवलं, पाणी दिलं. आत्याने पेला दोन्ही हातांनी धरला.

सर बाहेर आले ते जुनी वही घेऊन. कडा उंदरांनी नव्हे, वाळवीने खाल्लेल्या. त्यांनी ती टेबलावर उघडली, खिशातून पेन्सिल काढली. शेतातल्या वहीत पेन्सिलच, शाई पाण्याने पसरते.

"कोणत्या सात?"

"चौदा," आत्या म्हणाली. जराही आठवावं लागलं नाही. "एकोणतीस. त्रेपन्न. सत्तर. एकशे बारा. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे नव्वद."

सर पानं उलटत खुणा करत गेले. चौदा, पहिल्या वर्षी मेलं. एकोणतीस, फळ बारीक. त्रेपन्न, तडकतं. एकशे बारापाशी पेन्सिल थांबली. तिथे त्यांनी तेव्हा तीन रेघा मारून ठेवल्या होत्या, आनंदाच्या भरात. आता त्यांनी वही मिटली.

"ठीक," ते म्हणाले. आवाज इतका शांत की थोरलीला ओरडणं परवडलं असतं. "फाईल तशीच जाईल. हा कागद फाडून टाक. चिंगी कोणाजवळ बोलणार नाही. उद्या अकराला तू सही कर."

"चला, सुटलो," धाकटा म्हणाला.

पाच मिनिटांपूर्वी थोरलीलाही हेच हवं होतं. तिने रिपोर्ट पुढे ओढला, आणि वाचता वाचता तिला तिच्या लॅबमधल्या दोन मुली आठवल्या. चौथं वर्ष चाललंय त्यांचं. रोज सकाळी ऊन चढायच्या आत चिमटे घेऊन जातात, त्याच जंगली झाडाचा पराग नवनव्या वाणांवर घालतात, आणि फळं तडकली की रडवेल्या होऊन विचारतात, "मॅडम, आमचं कुठे चुकतंय?" आणि ती सांगते, "हात नीट बसला नाही अजून. पुन्हा करा."

"बाबा," ती म्हणाली. "सात सोडली तर तुमच्या संकराची खरी रोपं किती?"

"एकशे शहाण्णव."

"त्यातल्या किती झाडांचं फळ तडकलं नाही?"

सरांनी वही जवळ ओढली.

"एकही नाही. सगळ्यांचं तडकलं. मी पाठ केलंय हे सगळं, माझ्याच प्रबंधात आहे. जंगली झाडाकडून गुण येत असता तर पंधरा-वीस तरी झाडं निघायला हवी होती. एकच कसं? मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नशीब."

"निसर्गात होतं तसं."

"तुम्हाला शंका आली नाही? तुम्हाला? विद्यार्थ्याने एक आकडा चुकवला तर तुम्ही वही भिरकावायचात. तुम्हाला खरंच शंका आली नाही?"

"ताई, पुरे," धाकटा म्हणाला.

"पुरे नाही. बाबा, मला उत्तर द्या."

सर खुर्चीत बसले. त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली, ती घरंगळली, त्यांनी ती पुन्हा धरली.

"पान वेगळं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"एकशे बाराचं पान टोकाला गोल. बाकी सगळ्यांचं टोकदार. तिसऱ्या वर्षी, फळ धरलं तेव्हा पाहिलं मी. रोज जाऊन पाहायचो." ते कोणाकडेच बघत नव्हते. "वहीत लिहिलं नाही. लिहिलं असतं तर झाड बाद करावं लागलं असतं. आणि फळ तडकत नव्हतं ना. सोळा वर्षं ज्याच्या मागे लागलो होतो ते समोर लटकलेलं. मी पानाकडे बघायचं सोडून दिलं."

सुनेला वाटलं आपण हे ऐकायला नको होतं. आत्याने पेला खाली ठेवला. मघाशी एवढं बोलून घेतलं या माणसाने तिला. आणि ती सत्तावीस वर्षं रोज ताट वाढताना मनातल्या मनात त्याची माफी मागत होती. तिला संताप आला, इतका की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत नव्हतं. शंका होती."

"मला ओरडलास तेव्हाही होती?"

"होती."

"मग ओरडलास कशाला रे?"

विद्यापीठात कोणी त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता, आणि घरात तर नाहीच.

"मी सही करणार नाही," थोरली म्हणाली.

"तुझी पीएचडी जाईल."

"माहितीय मला!" ती किंचाळलीच. चष्मा काढून तिने टेबलावर टाकला, डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती. "जाईल. प्राध्यापकीपण जाईल कदाचित. लोक हसतील, मोरीतलं डाळिंब म्हणून. बारा वर्षं माझी गेलीत बाबा, तुमच्या नशिबापायी. पण मी त्या दोन पोरींना उद्या पुन्हा 'हात नीट बसला नाही' असं सांगू शकत नाही. त्यांचा हात नीट आहे! झाडातच काही नाहीये!"

"आणि माझी वीस हजार रोपं?" धाकटा म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"तुझी रोपं चांगलीच आहेत," सून म्हणाली. "तूच म्हणालास ना, आई कोणी का असेना. मग हेच सांग गिऱ्हाइकांना. वाण जाहीर व्हायला वेळ लागेल, थांबा म्हणावं."

"थांबतील होय?"

"काही जातील. बाकीचे थांबतील. फळ खाल्लंय त्यांनी."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग बापाकडे. बापाकडून काही येत नव्हतं. शेवटी त्याने उठून दप्तराच्या खणातून कोरे कागद आणले आणि थोरलीपुढे ठेवले. पेनचं टोपणही काढून दिलं.

थोरलीने चष्मा चढवला, नाक ओढलं आणि लिहायला घेतलं. मा. अध्यक्ष, वाण प्रसारण समिती. विषय: प्रस्ताव मागे घेण्याबाबत. पहिल्या चार ओळी ती भराभर लिहून गेली, मग अडली.

"झाडाचं मूळ काय लिहू?"

"योगायोगाने उगवलेलं रोप," सर म्हणाले. बसक्या आवाजात, पण सवयीने अचूक. "नियमात तोच शब्द आहे. आईबाप अज्ञात. योगायोगाने मिळालेलं."

"योगायोग कसला?" आत्या म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मोरीवर चाळीस रोपं होती. चाळीस! मी खाली बसून एकेक बघितलं. खोड बघितलं, पेरं बघितली, मुळं किती ते बघितलं. सात निवडली. एकशे बारावालं तर दोनदा ठेवलं आणि दोनदा उचललं, मुळी वाकडी होती म्हणून. मग म्हटलं पान दणकट आहे, जगेल. आणि ते पिशवीत लावून सावलीत कोणी जपलं महिनाभर? योगायोगाने? उंदीर आले तो योगायोग. रोप मी लावलं."

थोरलीने पेन तसंच धरून बापाकडे पाहिलं. सर बहिणीकडे बघत होते, जणू ही बाई कधी आली घरात असं आठवत असल्यासारखे.

"लिही," ते म्हणाले. "मूळ अज्ञात. रोपाची निवड आणि लागवड: हिची. पूर्ण नाव लिही. आणि पैदासकाराच्या रकान्यातलं माझं नाव मागे घेतो म्हणून लिही. पान वेगळं असल्याची नोंद मी केली नाही, हेही."

"हे लिहायलाच हवं का, बाबा?"

"लिही म्हटलं ना."

तिने लिहिलं. वाचून दाखवलं. खाली सही केली, तिची नेहमीची, लांब शेपटीची. आज शेपटी जरा वेडीवाकडी आली. मग कागद सरांपुढे सरकवला. सरांनी चष्म्यातून सगळं पुन्हा वाचलं, एक स्वल्पविराम घातला, सही केली आणि पेन बहिणीपुढे धरलं.

"मी कशाला?" आत्या दचकली. "नको. मोठ्यांच्या कागदावर माझं काय काम?"

"लावलंस म्हणालीस ना? मग कर सही."

तिने ओल्या हातांकडे पाहिलं, ते कपड्याला पुसले. तेवीस वर्षांच्या कामात सही केली होती ती फक्त मुकादमाच्या हजेरीपटावर, रोज सकाळी आठला. तिने कागदावर वाकून एकेक अक्षर जोडून नाव लिहिलं. आणि हात सवयीने तसाच पुढे गेला. नावापुढे तिने 'हजर' असं लिहिलं.

"अगं आत्या, हे नको होतं तिथे," धाकटा म्हणाला. "सरकारी कागद आहे. ताई, पांढरी शाई आहे का? नाहीतर पुन्हा लिहून काढ सगळं."

आत्या कावरीबावरी झाली. तिने कागद लपवल्यासारखा तळव्याखाली झाकला.

सरांनी तिचा हात बाजूला केला, हळूच, आणि कागदाची घडी घातली.

"राहू दे," ते म्हणाले. "मी नव्हतो त्या दिवशी. हीच हजर होती."